सत्तावीस नंबरचा बेलचा

फावडं पुरायचं असेल तर दोन फावडी लागतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. एकाने खड्डा खणता येतो. पण तेच फावडं खड्ड्यात ठेवलं की वरून माती लोटायला हातात काय उरतं? काही नाही. आठ वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी अडीच वाजता, नवीन पनवेलमधली आमची अख्खी अनुपम सोसायटी वामकुक्षीत असताना, मी मागच्या रामफळाखाली असा रिकाम्या हातांनी उभा होतो. शेवटी वर जाऊन बायकोचं कढईतलं पितळी उलथणं घेऊन आलो आणि त्याने माती लोटली.

आता हे फावडं म्हणजे साधं फावडं नव्हे. फौजेत त्याला बेलचा म्हणतात. हातभर लांबीचा, पाठीवरच्या पिठ्ठूला अडकवायचा. पात्यावर नंबर ठोकलेला, बी सत्तावीस. सरकारी बेलचा माझ्या घरी कसा, असं विचारण्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्या. मी चोर नाही. मी बी कंपनीचा स्टोअरमन होतो. एकतीस वर्षांपूर्वी राजस्थानात असताना माझी वीस दिवसांची सुट्टी लागली. आमच्या गावाहून, ओव्याहून, वडिलांचं पत्र आलं होतं की दारापुढे कुंपण घालायचंय, खड्डे खणायला ये. त्या दुपारी जगन शेलार नावाचा जवान आपला बेलचा जमा करायला आला. मी म्हणालो, "ठेव दाराशी, सही मागून घेतो." तो ठेवून गेला. मी कुलूप लावलं, आणि बेलचा बेडिंगमध्ये गुंडाळून गाडी पकडली. वीस दिवसांनी परत आणणारच होतो. मधल्या वीस दिवसांत कोण बेलचा मोजायला येतं?

चौथ्या दिवशी मोजायला आले. अचानक तपासणी. बी सत्तावीस गायब, आणि तो जगनच्या नावावर. त्याला सात दिवस पिठ्ठू लागला, म्हणजे पाठीवर वाळू भरलेली पिशवी घेऊन उन्हात पळायची शिक्षा. त्याची लान्स नाईकची फीत त्याच महिन्यात लागायची होती, ती गेली. मी परत आलो तोवर सगळं उरकलं होतं. तोंड उघडलं असतं तर मी आत गेलो असतो. मी तोंड उघडलं नाही. पुढे मी हवालदार झालो, तो नाईक म्हणूनच घरी आला. माझ्या दारावर पितळी पाटी आहे, हवालदार भरत ठोंबरे, निवृत्त. ती मी रोज पुसतो, नावाकडे न बघता.

आणि आठ वर्षांपूर्वी या जगनच्या मुलाने आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्टमध्ये जगनने मला मिठी मारली. रविवारी संध्याकाळी चहाला येतो म्हणाला. बेलचा तेव्हा आमच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी, खिळ्याला टांगलेला. फेकून का नाही दिला, असं तुम्ही म्हणाल. सरकारी माल फेकायचा नसतो, हे मी सतरा वर्षं लोकांना शिकवत होतो. म्हणून पुरला. उलथण्याने माती लोटत असताना वरच्या गॅलरीत कोणीतरी खाकरलं. मी दचकून उलथणं खड्ड्यात टाकलं, पायाने उरलेली माती सारली आणि घर गाठलं.

त्या उलथण्याचंही एक प्रकरण झालं. ते माझ्या बायकोला, दमयंतीला, तिच्या आईने दिलेलं होतं. माझी बहीण वेणू त्या आठवड्यात ओव्याहून राहायला आलेली. दमयंतीने उलथणं शोधशोध शोधलं आणि शेवटी तिच्या मनाने एकच निष्कर्ष काढला. आठ वर्षं झाली, वेणूवन्सं आल्या की दमयंती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते. मी पेपर वाचतो.

संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर आम्ही तिघं बसतो. मी, जगन आणि बद्रुद्दीनभाई. बद्रुद्दीनभाई मोरा बंदराचे, आयुष्य नौदलात काढलेले. त्यामुळे खणण्याच्या विषयात त्यांची रोज टर उडते.

"तुम्ही लोक खड्डा खणून लपायचे," ते म्हणतात. "आम्ही कुठं लपणार? पाण्यात खड्डा होत नाही."

"म्हणून तर तुम्हाला बेलचा दिला नाही," जगन म्हणतो. "दिला असता तर बोटीचा तळ खणून बसला असतात."

मग बेलच्यावर तळलेल्या अंड्याचा विषय निघतो. त्या अंड्याची चव कुठल्या हॉटेलात नाही, असं जगनचं मत. सकाळी तोच बेलचा घेऊन टेकाडामागे जायचं असे, हे तो नंतर सांगतो. मध्ये वाळूने घासायचा, हे तो बरेचदा सांगतच नाही. आणि शेवटी, रोज, अगदी रोज, बी सत्तावीसची गोष्ट. सोसायटीतल्या पोरांना पाढ्यांआधी हा नंबर पाठ झालाय. सुभेदाराच्या मिशा, वाळूची पिशवी, पळताना सुटलेला बुटाचा बंद, सगळं साग्रसंगीत. बद्रुद्दीनभाई हसून हसून खोकतात. आणि शेवट ठरलेला. जगन माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणतो, "भरत तेव्हा सुट्टीवर होता. भरत असता तर त्याने मला वाचवलं असतं."

आठ वर्षं हे वाक्य मी रोज ऐकतोय. रविवारीसुद्धा सुट्टी नाही.

गोष्ट संपली की जगन उठतो आणि खिसे चाचपतो. किल्ली, चष्मा, मोबाइल, पाकीट. मोठ्याने "चार" म्हणतो आणि मगच जातो. त्याची सून म्हणते, बाबा झोपायच्या आधी गॅसची बटणंसुद्धा मोजतात. आम्ही त्यावरही हसायचो.

तर या मे महिन्यात सोसायटीला महापालिकेचं पत्र आलं की पावसाळ्याआधी आवारात शोषखड्डा खणा, गच्चीवरचं पाणी त्यात सोडा. चांगली गोष्ट. जागा ठरली गेटजवळ. मी सेक्रेटरी म्हणून सही करायला पेनसुद्धा काढलं होतं. पण आमच्या चेअरमन रंजिता मॅडम भर सभेत म्हणाल्या, "ठोंबरे काकांना नुसती सही करू द्या. त्यांना जमिनीतलं काय कळतं, ते तर स्टोअरमध्ये होते."

सभा हसली. जगनही हसला. माझा पारा चढला. स्टोअरमध्ये असलो म्हणून काय झालं? मी घरी जाऊन तीन पानी पत्र लिहिलं. गेटजवळचा खड्डा कसा अशास्त्रीय आहे, तिथून पाण्याची लाइन कशी जाते, आणि शोषखड्डा नेहमी आवाराच्या सर्वांत सखल भागातच कसा असावा, हे मी आकृतीसह सिद्ध केलं. पत्राची प्रत खड्ड्याचं काम बघणाऱ्या सल्लागाराला पाठवली. सल्लागार दोन दिवसांनी पाण्याची पातळी मोजायची नळी घेऊन आला, आवारभर फिरला आणि माझी पाठ थोपटून म्हणाला, "काका, तुमचं अगदी बरोबर आहे. सर्वांत सखल भाग तो, रामफळाखालचा."

मी म्हणालो, झाडाला धक्का लागेल. सल्लागार म्हणाला, झाडापासून पाच फूट सोडू. मी म्हणालो, ती दिशा बरोबर नाही. तर दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे एरवी पंचांग पाहिल्याशिवाय पंखा लावत नाहीत, ते म्हणाले की ईशान्येला पाणी म्हणजे सोन्याहून पिवळं. मी महापालिकेच्या कार्यालयात जाऊन हरकत नोंदवली. तिथल्या बाईंनी फाइल काढली, माझंच पत्र मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "ही आकृती तुम्हीच काढलीत ना? छान आहे." हरकत घेणारा आणि शिफारस करणारा एकच माणूस असेल तर कुठला फॉर्म भरायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. मी परत आलो.

त्यात सभेत जगन उठला. "कंत्राटदार कशाला? सोसायटीत तीन फौजी आहेत. आम्ही खणू."

टाळ्या पडल्या. रंजिता मॅडम म्हणाल्या, "खणा, पण सोबत एक खरा माणूस असू द्या." त्यांनी देवजीला बोलावलं. देवजी कर्नाळ्याच्या बाजूच्या वाडीवरचा, पावसाळा सोडला तर उरलेलं वर्षभर कुठेतरी खणत असतो.

हत्यारं जगनने पळस्प्याहून भाड्याने आणली. दोन टिकाव, तीन फावडी, एक पहार, चार घमेली. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर घातला. हत्यार हवं तर त्याच्या वहीत सही, आणि संध्याकाळी हजेरी. जगन वही धरून ओरडायचा, "पहार एक," आणि ज्याच्या हातात पहार असेल त्याने "हाजिर" म्हणायचं. देवजीला पहिल्या दिवशी हसू आवरेना. पण वही मिटल्यावर जगनने सोडलेला श्वास त्याने ऐकला असावा. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांत मोठ्याने हाजिर म्हणू लागला.

खणायला सुरुवात होण्याआधीच्या दुपारी मी शेवटचा प्रयत्न केला. हत्यार मागावं तर सही. म्हणून घरातला झारा घेतला, सगळे झोपल्याची खात्री केली आणि रामफळाखाली ओणवा झालो. चार वेळा उकरलं असेल नसेल, मागून आवाज आला, "काय करतोयस?"

जगन. आखलेल्या जागेवर पहारा द्यायला खुर्ची घेऊन आला होता.

"रामफळं काढतोय," मी म्हणालो.

त्याने झाडाकडे पाहिलं. मे महिन्याचं रामफळ, झाडावर नावाला फळ नाही. मग माझ्या हातातल्या झाऱ्याकडे पाहिलं. "उन्हात फिरू नकोस," तो मायेने म्हणाला. "जा, वर जाऊन पन्हं पी."

खणणं सुरू झालं. पहिला दिवस पार पडला, कारण आम्ही तिघांनी मिळून गुडघाभरसुद्धा खणलं नाही. बद्रुद्दीनभाई टिकाव असा धरायचे की देवजी आधी चार पावलं मागे जायचा. जगन फावड्याची माती एका बाजूला नीट रचून मोर्च्याची भिंत घालू लागला. देवजीने विचारलं, "दादा, पानी इकरून येनार हाय का गोली?" जगनलाच हसू फुटलं. मी हसलो नाही. मी मनात फूट मोजत होतो. आमचा खड्डा झाडापासून पाच फुटांवर सुरू होत होता. मी तेव्हा किती अंतरावर पुरलं होतं? चार? सहा? भीतीत माणूस अंतर मोजत नाही.

दुसऱ्या दिवशी देवजीने झाडाकडच्या कडेची मूठभर माती उचलली आणि बोटांत चुरली.

"ही माती कोरी नाय," तो म्हणाला. "आदी कुनीतरी खनलंय हितं."

"कधी?" जगनने विचारलं.

"सात-आट वरसं झाली आसतील. नि खननारा कामाचा नाय. खड्डा वाकडा हाय."

मी रागाने तोंड उघडलं आणि वेळेत मिटलं. वाकडा? मी दोरी लावून खणला होता. पण ही वेळ अभिमानाची नव्हती. बद्रुद्दीनभाई म्हणाले, "खजिना असेल. अल्ला देतो तर छप्पर फाडून म्हणतात, इथं जमीन फाडून देतोय." गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. कोणी म्हणालं, साप असेल. कोणी म्हणालं, गॅसची लाइन असेल, थांबा. मीही ओरडलो, "गॅसची लाइन असेल, थांबा." माझ्या ओरडण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"सगळे मागे व्हा," जगन म्हणाला आणि स्वतः खड्ड्यात गुडघ्यांवर बसला. फावडं बाजूला ठेवून त्याने हाताने माती काढायला सुरुवात केली. मी त्याच्याशेजारी उतरलो. का उतरलो, मला माहीत नाही. त्याचा हात थांबला. लोखंडाची कड दिसत होती. त्याने ती हलवली, ओढली, आणि बेलचा बाहेर आला. दांडा वाळवीने खाल्लेला, पातं गंजून लाल. जगनने अंगठ्याने गंज घासला, थुंकी लावून पुन्हा घासला, मग बनियनच्या टोकाने पुसला.

बी. मग दोन. मग सात.

त्या गंजक्या पत्र्यावरचा नंबर तिथल्या प्रत्येकाला पाठ होता.

त्याच क्षणी मला माझ्या चपलेशेजारी काहीतरी पिवळं दिसलं. मातीतून इंचभर बाहेर आलेलं. पितळी उलथण्याची कड. मी त्याच्यावर पाय ठेवला.

"राजस्थानातला बेलचा पनवेलला कसा आला?" बद्रुद्दीनभाई पुटपुटले. मग सुचेल ते निघालं. बाजूच्या प्लॉटवर कधीकाळी फौजी भंगारवाला राहत असेल. बेलच्याला मालकाची ओढ असते. पंचांगवाले गृहस्थ वरून हात जोडून उभे होते. कोणाचंही बोट माझ्याकडे नव्हतं. मला फक्त पाय हलवायचा नव्हता. तेवढं केलं की सुटलो, जन्मभरासाठी सुटलो. तेवढ्यात दमयंती चहाचा ट्रे घेऊन कोपऱ्यावरून येताना दिसली.

"सगळे वर या," जगन म्हणाला. "हजेरी घेऊ." त्याला घाबरल्यावर हजेरीच सुचते.

सगळे रांगेत उभे राहिले. मी खड्ड्यातच.

"भरत, वर ये."

"मी इथंच बरा आहे."

"अरे, पायाला काही लागलं का?"

"नाही."

दमयंती दहा पावलांवर आली होती. जगन खड्ड्याच्या काठावर बसला. बेलचा मांडीवर घेतलेला. मला वाटलं तो ओरडेल, पण तो अगदी हळू, जणू स्वतःशीच बोलला.

"म्हणजे मी नव्हता हरवला," तो म्हणाला. "भरत, मला इतकी वर्षं वाटायचं, मीच दाराशी ठेवला म्हणून सांगतोय आणि खरं तर कुठंतरी विसरलो. आईशप्पथ, माझ्या डोक्यावर माझाच भरवसा उरला नव्हता. नातवंडांना जत्रेत नेत नाही मी. एखादं राहून गेलं तर?"

मी त्याला फीत गेल्याचं दुःख असेल असं समजत होतो. त्याचं दुःख पितळी पाटीने भागणारं नव्हतं. तो विनोद सांगत होता, आम्ही हसत होतो, आणि घरी जाऊन तो गॅसची बटणं मोजत होता. माझी मलाच किळस आली.

मी पाय उचलला.

"अगं बाई," दमयंती ट्रेसकट थांबली. "हे माझं उलथणं."

तिने उलथण्याकडे पाहिलं, बेलच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रामफळ, वाकडा खड्डा, झारा, तीन पानी पत्र, सगळं आवार हळूहळू एकाच माणसाकडे बघू लागलं. मी सांगून टाकलं. बेडिंगपासून उलथण्यापर्यंत, काही न लपवता.

जगनने वही उघडली. "टिकाव दोन. फावडी तीन. पहार एक. घमेली चार." मग थांबून, "बेलचा एक. उलथणं एक." कोणी हाजिर म्हणालं नाही. त्याने वही मिटली, बेलचा काखेत मारला आणि तिसऱ्या मजल्यावर निघून गेला.

त्या संध्याकाळी तो बाकावर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खड्डा देवजीने एकट्याने दोन दिवसांत पूर्ण केला, आमच्यामुळे त्याचा एक दिवस वाया गेला असं तो म्हणाला. दमयंतीने मला फोनचा स्पीकर लावून वेणूची माफी मागायला लावली. वेणूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, खुर्ची आता दारातनं काढा." दमयंती रडली. मग तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. घरातलं उलथणं परत आलं, पण जेवण गार मिळू लागलं.

आणि जगन गोष्ट सांगत नव्हता. रोज नको नको वाटणारी ती गोष्ट कानावर पडेना, तर मला संध्याकाळ खायला उठली. चौथ्या दिवशी मी ठरवलं. नातवाच्या जुन्या दप्तरात शोषखड्ड्याची वाळू भरली, पाठीला बांधली आणि सकाळी सहाला आवारात पळू लागलो. पळू लागलो म्हणजे चालण्यापेक्षा थोडं जास्त. दप्तरावर कार्टूनचं अस्वल होतं. लोकांनी पहिल्या दिवशी गुडघ्यांचे डॉक्टर सुचवले, दुसऱ्या दिवशी मनाचे. रंजिता मॅडम म्हणाल्या, "काका, लिफ्टचा मेन्टेनन्स संपला म्हणून करताय का?" मी फक्त तिसऱ्या मजल्यावर बघायचो. जगन कठड्याला टेकून चहा प्यायचा आणि फेऱ्या संपल्या की आत जायचा.

सातव्या दिवशी नवव्या फेरीला माझे पाय लटपटले. मी रामफळाला धरून उभा राहिलो. जिन्यात चपलांचा आवाज आला. जगन आला, दप्तराला खालून हात लावला आणि वजन अजमावलं.

"कमी आहे," तो म्हणाला. "आम्हाला वीस किलो असायचं."

"भरतो अजून."

"आणि हा राहिला." त्याने मागे धरलेला बेलचा काढला. गंज घासून लखलखीत केलेला, नवा दांडा बसवलेला. तो त्याने माझ्या अस्वलाच्या दप्तराच्या पट्ट्याला अडकवला. "पळ. शेवटची फेरी."

मी पळालो. माझ्या वयाला न शोभेल इतक्या जोरात.

संध्याकाळी तो बाकावर आला. बद्रुद्दीनभाई सावरून बसले. गोष्ट सुरू झाली. सुभेदाराच्या मिशा, वाळूची पिशवी, बुटाचा बंद. सगळं जसंच्या तसं. शेवट जवळ आला तसा मी बाकाच्या टोकाला सरकलो. जगन थांबला. माझ्या गुडघ्यावर थाप मारली, दुखऱ्या गुडघ्यावर, मुद्दाम.

"भरत तेव्हा सुट्टीवर होता," तो म्हणाला. "बेलचाही त्याच्याबरोबर सुट्टीवर होता. भरत वीस दिवसांनी हजर झाला. बेलच्याने तेवढी एकतीस वर्षं सुट्टी वाढवून घेतली."

बद्रुद्दीनभाई इतके खोकले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी हसलो, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत बसलो. जगन उठला. मी सवयीने त्याच्या खिशांकडे पाहिलं. त्याने काही चाचपलं नाही. तसाच गेटकडे चालू लागला.

बाकावर त्याचा चष्मा राहिला होता.

"जगन," मी हाक मारली, "चष्मा विसरलास."

त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "राहू दे तुझ्याकडे. सकाळी घेतो. फक्त तेवढ्यात सुट्टीवर जाऊ नकोस."